वस्तीतल्या कोंबड्या



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांच्या मनात किमान वेतन, कामगार कायदे, यंत्रमागाचे भवितव्य असा काहीतरी भारदस्त विषय होता. आम्ही विषय कळवला, 'वस्तीतल्या कोंबड्या'. चिटणीसांचा लगेच फोन आला. हे विनोदी व्याख्यान आहे काय, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, विनोद झाला तर होऊ द्या, पण विषय गंभीर आहे.

सोलापूरच्या पूर्वभागात बिडी कामगार स्त्रिया आणि यंत्रमाग कामगार यांच्यात आम्ही सुमारे तीस वर्षे काम करीत आलो आहो. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली. एवढ्या वर्षांचा अनुभव असा की, मालकाविरुद्धच्या तक्रारी माणसे महिन्यातून एकदा आणतात, पण शेजाऱ्याविरुद्धच्या रोज आणतात. सांडपाणी, जिना, वाळत घातलेली धुणी, आणि कोंबड्या. यांतला कोंबड्यांचा एक निवाडा आम्ही दिला आणि तो चुकला. तो कसा चुकला ते सांगावे, यासाठी मुख्यतः आज उभे आहो.

हकिगत अशी. एका कामगार वसाहतीत, एका खोलीच्या बैठ्या घरांच्या ओळीत, एक विधवा बाई राहत. तेलुगुभाषक, वय पन्नाशीच्या पुढे, बिड्या वळणाऱ्या. सगळी ओळ त्यांना अक्का म्हणे, आम्हीही अक्काच म्हणत असू. मागल्या दारी पत्र्याच्या आडोशाला त्यांचे खुराडे, त्यात पाच कोंबड्या व एक कोंबडा. भिंतीला भिंत लागून राहणारा गडी यंत्रमागावर रात्रपाळीला. रात्री आठला जायचा, सकाळी आठला परतायचा, दोन घास खाऊन नवाच्या सुमारास अंग टाकायचा. आणि मौज पाहा, कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या प्रहरी घालतात, आणि अंडे घातल्यावर सगळ्या आळीला ऐकू जाईल असा कलकलाट करतात. म्हणजे हा बिचारा पांघरूण ओढतो तेव्हाच पलीकडे पाच बाळंतिणींचा जाहीरनामा सुरू होतो. त्यात कोंबडा. कोंबडा पहाटे आरवतो हा आपला समज अर्धाच खरा आहे, कारण तो दिवसभर आरवतो.

गडी आमच्याकडे आला. डोळे लाल होते. म्हणाला, "अण्णा, मागावर झोप लागली तर बोट जाईल." हे खोटे नव्हते. आम्ही वसाहतीची सभा घेतली. तीत इतरही बोलले. कोणी वासाचे बोलले, कोणी उंदरांचे. एक जण म्हणाला, कोंबड्या ओट्यावर येतात, भिजवून फडक्यात बांधलेल्या तेंदूच्या पानांवर घाण करतात, आणि मग कारखान्यात बिड्यांची छाट निघते. हात वर करवून आम्ही ठराव केला : वसाहतीत कोंबड्या पाळू नयेत. विरोधात एकही हात नव्हता. अक्का सभेला होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे मौन ही आम्ही संमती धरली. युनियनच्या माणसाने तरी असे धरू नये. मालकासमोर गप्प बसणाऱ्या बाईचे मौन म्हणजे संमती नव्हे, हे आम्हीच फाटकाफाटकांवर ओरडून सांगत आलो होतो.

दुसऱ्याच दिवशी अक्कांनी सहाही पक्षी बाजारात मिळेल त्या भावाने विकले. आम्हांला समाधान वाटले. शिस्तीची सभासद, असे आम्ही कोणाला तरी म्हटल्याचेही आठवते.

पुढे सातआठ महिन्यांनी वर्गणीचे पुस्तक तपासताना अक्कांच्या नावापुढे थकबाकी दिसली. पंधरा वर्षांत ज्या बाईची एक पावती चुकली नव्हती तिची. आम्ही घरी गेलो. पान कापता कापता, वर न पाहता त्या म्हणाल्या, "अण्णा, कोंबडी इकलं ना. आता वर्गणी कशातनं देऊ, सांगा की."

आमच्या युनियनची पंधरा वर्षांची वर्गणी अंड्यांतून आली होती.

मग चौकशी केली तेव्हा एकेक कळू लागले. बिडीची मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. ती घरात येण्यापूर्वीच तिला वाटा फुटलेल्या असतात. किराणा, भाडे, औषध, मुलाचा हप्ता. २०१६ च्या नोटाबंदीनंतर आठवड्याची रोख मजुरी अडली आणि पुढे ती बँकेच्या खात्यात जाऊ लागली. कागदोपत्री ही सुधारणाच, आणि आम्हीही तिची बाजू घेतली होती. पण खात्याचे कार्ड पुष्कळ घरांत मुलाच्या खिशात असते. अंड्याचे पैसे मात्र कोणत्याही वहीत नाहीत, खात्यात नाहीत. ते लुगड्याच्या कनवटीला. त्यातून नातीची वही, देवाचा नारळ, युनियनची वर्गणी. रक्कम क्षुल्लक, पण त्या बाईच्या आयुष्यात कोणाला न विचारता खर्च करण्याची तेवढीच. आम्ही एका हाताने स्त्री-कामगारांच्या स्वावलंबनाची पत्रके वाटत होतो आणि दुसऱ्या हाताने ते स्वावलंबन बाजारात विकायला लावून मोकळे झालो होतो.

तेव्हा आम्ही कोंबड्यांविषयी वाचू लागलो. त्याअगोदर कोंबडी म्हणजे ताटातली, एवढेच आमचे ज्ञान. वाचल्यावर आढळले की हा पक्षी आमच्या धंद्याच्या फार जवळचा आहे.

आपली कोंबडी मूळची आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्याच्या जातीची. ती माणसाळली कशी, याविषयी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात थायलंडमधील बान नॉन वाट या जागेचे पुरावे सर्वांत जुने ठरवले आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातले. त्या संशोधकांचे म्हणणे असे की, माणसाने भात व भरड धान्य पिकवायला आरंभ केल्यावर त्या सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने ही पाखरे रानातून वस्तीकडे आली. म्हणजे वस्तीत कोंबडी आणली कोणी, हा प्रश्नच चुकीचा. ती आपण होऊन आली. सांडलेले वेचून जगणे हीच तिची पहिली नोकरी.

आणखी एक. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे नावाच्या गृहस्थाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की, कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची पायरी ठरलेली असते. पहिली सर्वांना टोचते, शेवटची कोणालाच नाही. जपानी संशोधकांनी २०१३ साली सिद्ध केले की कोंबड्याचे पहाटेचे आरवणे त्याच्या अंगातल्या घड्याळावर चालते, उजेडाची वाट ते पाहत नाही. आणि २०१५ साली त्यांनीच दाखवले की, एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत आधी वरच्या पायरीचा आरवतो, मग पायरीपायरीने खालचे. वरच्याला तेथून हलवले की दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. ज्येष्ठता यादी इतक्या काटेकोरपणे पाळणारी आस्थापना आम्ही दुसरी पाहिली नाही. (हशा) कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. झाकलेल्या कोंबड्यालाही उजाडायची वेळ ठाऊक असते, हे आता विज्ञानाने जोडले.

असो. आम्ही पुन्हा सभा बोलावली आणि मागचा निवाडा आमचा चुकला असे सांगितले. काहींना हे आवडले नाही. पुढाऱ्याने चूक कबूल केली की पुढल्या वेळी कोण ऐकेल, असे एका जुन्या कार्यकर्त्याचे मत पडले. रात्रपाळीवाला तर रागावलाच. "मग माझी झोप?" त्याचे बरोबर होते. तो मालक नव्हता की आपण त्याच्याविरुद्ध घोषणा द्याव्यात. एका कामगाराची झोप आणि दुसऱ्या कामगाराची कनवट, असा हा तंटा होता. असले तंटे कायद्याने सुटत नाहीत. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या पूर्वी भारतीय दंड विधानाच्या २६८ व्या कलमात होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमात आहे. कलमाचा आकडा बदलला म्हणून भिंतीपलीकडचा आवाज कमी होत नाही. आम्ही वाटाघाटीला बसलो, जसे बोनसला बसतो तसे.

पहिला प्रश्न कोंबड्याचा. येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या सभागृहातही निम्म्यांना नसेल. कोंबडी अंडी घालते त्यासाठी कोंबड्याची गरज नाही. पिल्ले हवी असतील तरच त्याची गरज. हे कळल्यावर निम्मे भांडण तेथेच मिटले. ओळीओळीतले कोंबडे काढायचे ठरले. वसाहतीच्या टोकाला, नाल्यापलीकडे, एका गड्याच्या पडवीत एकच कोंबडा राहील. कोणाची कोंबडी खुडूक झाली की त्याच्याकडून फळलेली अंडी घेऊन तिच्याखाली ठेवायची, एकवीस दिवसांनी पिल्ले.

दुसरा प्रश्न कलकलाटाचा. खुराडे रात्रपाळीवाल्याच्या भिंतीपासून काढून उलट बाजूला, न्हाणीच्या मागे नेले. आवाज थांबला नाही, पण कमी झाला. तिसरा प्रश्न घाणीचा. कोंबडीची विष्ठा कोरडी राहिली तर फारशी घाण येत नाही. ओली झाली की डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास सुटतो. म्हणून खाली लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस पसरावे, ते अधूनमधून हलवावे, भिजलेले काढून टाकावे. काढलेले थेट झाडाला घालू नये, मुळे जळतात. खड्ड्यात कुजवून घालावे, मग त्यासारखे खत नाही. उंदीर कोंबड्यांमुळे येत नाहीत, त्यांच्या उरलेल्या दाण्यांमुळे येतात. संध्याकाळी भांडे उचलले की उंदरांचे येणे पुष्कळ कमी होते. आणि कोंबड्या दिवसभर मोकाट न सोडता दुपारनंतर, बिड्यांची पाने आत गेल्यावर सोडायच्या. एका घराने पाचापेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. हा आकडा कोठल्याही पुस्तकातला नाही, रात्री साडेदहा वाजता सगळे कंटाळले तेव्हा ठरलेला आहे. पुष्कळ चांगले करार असेच होतात.

यानंतर वसाहतीत पुन्हा कोंबड्या आल्या. पहिल्या वर्षी तीसबत्तीस घरांत असतील. आम्हांला वाटले, प्रश्न मिटला. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी मानमोडी आली.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. हा १९२६ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आणि जावा बेटावर ओळखला गेला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसलचे नाव आहे. आपल्याकडे एकदोन वर्षांत कुमाऊंतल्या राणीखेतला तो सापडला, म्हणून आपण त्या सुंदर गावाला हे दूषण लावले. पक्षी पेंगतो, चोच उघडून श्वास घेतो, हिरवट हगतो, मग मान पिरगळली जाते. औषध नाही. आमच्या वसाहतीत बुधवारी एका घरी सुरुवात झाली आणि पुढल्या रविवारपर्यंत तीन ओळी रिकाम्या झाल्या. लोकांनी काय करावे? ज्यांच्या अजून उभ्या होत्या त्यांनी त्या घाईघाईने बाजारात विकल्या, म्हणजे रोग दुसऱ्या गल्लीत पोचवला. ज्यांच्या मेल्या त्यांनी नाल्यात फेकल्या. कुत्र्यांनी त्या ओढून आणल्या. खरे म्हणजे खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरायला हव्यात. हे आम्ही नंतर शिकलो.

या रोगाला औषध नसले तरी लस आहे, आणि ती महाग नाही. पिल्लू पाचसात दिवसांचे झाले की लासोटा जातीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. आठ आठवड्यांच्या सुमारास दुसरी, आर-टू-बी नावाची, पंखाखाली टोचायची. मग आमच्या बायकांनी ती आधीच का टोचली नव्हती? अडाणी म्हणून? मुळीच नाही. लसीची कुपी शंभर पक्ष्यांची येते, किंवा त्याहून मोठी. ती बर्फात ठेवावी लागते. एकदा पाण्यात मिसळली की तासदोन तासांत संपवावी लागते, उरलेली फुकट. चार कोंबड्यांच्या मालकिणीने शंभरांची कुपी आणून करावे काय? पोल्ट्रीवाल्याला ती सोयीची, कारण त्याच्याकडे हजारो पक्षी एका छपराखाली. गरिबाच्या चार कोंबड्या शंभर घरांत विखुरलेल्या. लसीची रचनाच अशी की, एकट्याला ती परवडत नाही आणि शंभरांना मिळून काही पैशांत पडते.

बंधूंनो, हे वाचले तेव्हा आम्ही उठून उभे राहिलो. युनियन म्हणजे काय हे समजावण्यासाठी आम्ही तीस वर्षे काठ्यांच्या मोळीचा दृष्टान्त देत आलो. तो आता कोणाच्या मनावर ठसत नाही, कारण मोळी कोणी पाहिलेली नाही. बर्फाच्या डब्यातली ही बोटाएवढी कुपी मात्र सर्वांना कळली. तेव्हापासून ठरावीक रविवारी, उजाडायच्या आत, कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडण्यापूर्वी, चार बाया व दोन पोरे थर्मास घेऊन ओळीओळीने फिरतात. उजाडल्यावर कोंबडी धरणे म्हणजे चुकार थकबाकीदार धरण्यासारखेच आहे. आजारी पक्ष्याला टोचीत नाहीत. टोचणाऱ्याने हात धुवायचे, डोळ्यांना लावायचे नाहीत, कारण या विषाणूने माणसाचेही डोळे येतात.

बर्ड फ्लूविषयी आपण विचारालच. आपल्या देशातला तो पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नवापूरला झाला. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्याला पुन्हा आढळला. तो आला की सरकारी माणसे त्या टापूतले सगळे पक्षी मारतात, अंगणातलेही. ते कठोर असले तरी आवश्यक आहे, आणि अशा वेळी कोंबडी पलंगाखाली लपवणे हा शेजाऱ्यांशी द्रोह आहे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पण एकाच वेळी पुष्कळ पक्षी वा कावळे मेले तर लोक कळवायला घाबरतात. पदरात काय पडेल याची खात्री असली की माणसे कळवतात, नसली की लपवतात. उलट अफवांचेही पाहा. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीने करोना होतो अशी आवई उठली आणि भाव मातीला मिळाले. नीट शिजवलेल्या अंड्यामांसाने दोन्ही होत नाहीत.

आता हिशेब. आम्ही हिशेब मांडल्याशिवाय व्यासपीठ सोडत नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी तीनशेच्या वर देते, पण तिला रोज शंभरसव्वाशे ग्रॅम विकतचे खाद्य लागते. गावठी कोंबडी पुष्कळसे पोट किडे, भाजीचा पाला आणि ज्वारीच्या कण्यांवर भरते. तेव्हा चार गावठी कोंबड्यांची वर्षाची अंडी अडीचशे-तीनशे. घरच्या पोरांना आठवड्याला दोनतीन दिली तर उरतात ती विकायला. हा संसार नव्हे, ही कनवट आहे. कोणी योजनावाला येऊन 'कोंबड्या पाळा आणि दारिद्र्य घालवा' असे सांगू लागला की आमच्या कपाळाला आठी पडते. वनराजा, गिरिराजा या संशोधन संस्थांनी काढलेल्या जाती चांगल्या आहेत, अंगणात टिकतात, अंडीही जास्त देतात. पण दहा पिल्ले हातावर ठेवून फोटो काढला म्हणजे किमान वेतनाची जबाबदारी संपली, असे कोणी समजू नये. आमच्या बायांना दोन्ही पाहिजे. मजुरीही आणि कोंबडीही.

शाळेतल्या अंड्याचेही तसेच. २०२३ च्या नोव्हेंबरपासून राज्यातल्या शाळांतून आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना फळ, असे सुरू झाले. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी सरकारने थांबवला. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्या घरी खुराडे आहे तेथली पोर त्या दिवशी अंड्याविना राहिली नाही. सगळ्यांच्या घरी खुराडे नसते, म्हणून हे सरकारचे काम.

या सभागृहात बंगल्यांत राहणारी मंडळीही आहेत. टाळेबंदीपासून आपल्यापैकी काहींनी हौसेने कोंबड्या ठेवल्या आहेत, हे आम्हांला माहीत आहे. त्यांना एवढेच सांगणे की, आपल्या सोलापूरच्या उन्हात त्यांना जपा. कोंबडीला घाम येत नाही. पारा चाळिशीपुढे गेला की ती पंख पसरून, चोच उघडून धापा टाकते आणि पाहता पाहता आडवी होते. नक्षीच्या महाग पिंजऱ्यापेक्षा पत्र्यावर टाकलेले ओले पोते आणि माठातले पाणी तिला प्यारे. आणि ज्यांना शेजारी कोंबडी नकोच, कारण ते मांसाहारी नाहीत, त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण आवाज आणि वास हे तंट्याचे विषय होऊ शकतात, शेजाऱ्याचे ताट होऊ शकत नाही. पुष्कळदा तक्रार वासाची लिहिलेली असते आणि रोख ताटावर असतो. अर्ज वाचून वाचून आम्हांला हे आता ओळखू येते.

अक्कांचे काय झाले, ते राहिले. दुसऱ्या सभेनंतर आम्ही स्वतः जाऊन त्यांना म्हटले, दोन तलंगा आम्ही आणून देतो. त्या नको म्हणाल्या. त्या वर्षी त्यांनी कोंबडी ठेवलीच नाही, आणि म्हणूनच मानमोडीत त्यांचे काही गेले नाही. लसीचा रविवार सुरू झाल्यावर एके दिवशी, आम्हांला न विचारता, न सांगता, त्यांनी तीन तलंगा आणल्या. वर्गणी पुन्हा येऊ लागली. मागली थकबाकी आम्ही माफ करू म्हणालो, तर त्यांनी ती पैसापैसा भरली आणि पावती मागून घेतली.

रात्रपाळीवाल्याची तक्रार मात्र अजून आहे. तो म्हणतो, आवाज कमी झाला, पण झोप पुरत नाही. आम्ही त्याला विचारले, पाळी किती तासांची? म्हणाला, बारा. कोंबड्यांचे आम्ही करता आले तेवढे केले. त्या बारा तासांविषयी मालकांशी बैठक येत्या मंगळवारी आहे, आणि तिला तो येणार आहे.